शुक्रवार सोडून

प्रिय गौरेश,

भाई सापडला. हे आधीच लिहून टाकते, कारण पत्र हातात आलं की तू शेवटचं पान आधी वाचतोस आणि या पत्राला ते चालणार नाही. जिवंत आहे. म्हापशात आहे, आपल्या घरापासून बसने तासाभराच्या आत, आणि चार वर्षं तिथेच आहे. पाय मात्र वाईट आहे. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडलीत. ती लवकर काढली नाहीत तर गुडघ्याखाली पाय राहणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. आता वकिलांना फोन लावायला उठला असशील तर पुन्हा खाली बस. फोनवर मी हे सांगितलं नाही त्याला कारण आहे. गेली दोन वर्षं आपलं बोलणं 'कशी आहेस' पासून सुरू होतं आणि तिसऱ्या वाक्याला भाईच्या सहीवर येऊन पोचतं. मला मध्ये न तोडता तू ऐकावंस, असा दुसरा मार्ग सुचला नाही. संजना सुट्टी संपवून पुण्याला परत येतेच आहे, तिच्या हाती देते. भाचीसमोर उघडू नकोस.

तुझा मी राग करत नाही. पेडण्याच्या घराला गिऱ्हाईक आलंय हे काही तुझं पाप नव्हे. विमानतळ झाल्यापासून आपल्या वाड्यावर माडांपेक्षा दलाल जास्त झालेत. आणि एका वारसाची सही नसली तर दाराचा खिळादेखील विकता येत नाही, हा कायदाही तू केलेला नाहीस. भाई बेपत्ता आहे अशी नोटीस पेपरात द्यावी, वकिलांचा हा सल्ला तू कळवलास आणि मजकूर माझ्यावर सोपवलास, कारण घरात लिहिणारी मी. तो मी लिहिलाही. 'वय अठ्ठावन्न, अंगाने सडपातळ, डाव्या भुवईवर व्रण.' चांगला उतरला होता, खरंच. स्वतःच्या भावाबद्दल इतकं नेटकं मी कधीच लिहिलं नव्हतं. टेबलाच्या खणात पडून आहे, आणि तिथेच राहील.

तर सुमंगलाबाई. त्यांच्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. डिचोलीजवळच्या सर्वणच्या. पस्तीस वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्यावर बायका देवदर्शनाला निघतात, ह्या म्हापशाच्या बाजारात निघाल्या. तिथल्या दुकानांच्या व्हरांड्यांत आणि बसस्टँडच्या आजूबाजूला जी माणसं झोपतात, ज्यांना घर नाही किंवा असून नाही, त्यांच्याकडे एक दिवसाआड पहाटे साडेपाचला जातात. बरोबर अजय नावाचा रिक्षावाला असतो, चंदगडकडचा. एकेकाळी तोही तिथेच झोपायचा, क्षयाने खंगलेला. बाईंनी त्याला गोळ्या देऊन उभा केला, आता तो बाईंची पाण्याची बाल्दी उचलतो. बुधवारी निखिल नावाचा एक तरुण डॉक्टर येतो. हा पहिल्या दिवशी घडीची खुर्ची घेऊन आला होता. बाईंनी ती त्याच्याखालून काढून चहावाल्या बाबलीला देऊन टाकली, म्हणाल्या, ह्या लोकांशी बोलायला खाली बसावं लागतं, खुर्चीवरून फक्त त्यांचं टक्कल दिसतं. डॉक्टर आता मांडी घालून बसतो. चांगला आहे पोरगा.

मी त्यांच्या वाटेला गेले ती थट्टा करायला. माझं साप्ताहिक सदर तुला माहीत आहेच. न वाचता 'मस्त' म्हणतोस तेच ते. गरिबांच्या सेवेला निघालेले लोक हा माझा आवडता खुराक. गेल्या वर्षी एका वाढदिवसाला फळवाटप झालं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मधुमेहाच्या माणसांना केळी वाटली, आणि फोटोत केळं नीट दिसावं म्हणून ते छातीशी धरायचं हे त्या बिचाऱ्यांना आता न सांगता कळतं. म्हटलं, ही बाईही त्याच पंगतीतली असणार. मथळाही ठरवून गेले होते. आणि गेले कधी, तर शुक्रवारी. आपण पेडणेकर म्हापशाला दुसऱ्या कुठल्या दिवशी जातो? आई जायची शुक्रवारी, आपण मिरच्या, मडकी, चवथीचं सामान आणलं ते शुक्रवारी. आपल्या हिशेबी उरलेले सहा दिवस म्हापसा अस्तित्वातच नसतं. मी पहाटे पोचले, तर व्हरांडे कांद्यांच्या राशींनी आणि सुक्या मासळीच्या टोपल्यांनी भरलेले, विक्रेत्या बायका जागेवरून भांडतायत, रुग्ण औषधालाही नाही. बाईही नाहीत. मी खूश झाले. 'रुग्णाविना रुग्णसेवा' असा लेख बसल्या बैठकीत लिहिला, छापून आला, आणि लोकांनी तो एकमेकांना पाठवून पोट धरून हसून घेतलं.

चार दिवसांनी बाबलीकरवी निरोप आला. त्या लेखिकाबाईंना म्हणावं, बुधवारी या. त्यापुढे ना राग, ना खुलासा. एका अक्षराची शिवी असती तरी मला बरं वाटलं असतं. गेले.

बुधवारचं म्हापसा मी चोपन्न वर्षांत पाहिलं नव्हतं. व्हरांड्यात तीसेक माणसं होती, चादरी गुंडाळत होती, कारण दुकानं उघडायच्या आत उठावं लागतं. सुमंगलाबाई उकिडव्या बसल्या होत्या, हातात स्टेथोस्कोप नाही, इंजेक्शन नाही, नेलकटर. बाईंची सगळी विद्या त्या नेलकटरात आहे, गौरेश. औषध म्हटलं की ही माणसं उठून जातात, कारण औषधामागून नाव येतं, नावामागून गाव येतं, आणि गावामागून प्रश्न. नखं कापायला मात्र कोणी नाही म्हणत नाही. नखं कापता कापता बाई पाय मांडीवर घेतात, सूज बघतात, टाचेला टोचून कळतं का बघतात, अंगाचा वास घेतात, आणि तोंडाने विचारतात एवढंच, की रात्री झोप लागली का. पहिल्या दिवशी नाव विचारायचं नाही हा त्यांचा नियम. दुसऱ्याही दिवशी नाही. बेळगावकडचा भैरू नावाचा एक गवंडी आहे, त्याने आपलं नाव सांगायला सात महिने घेतले. तोवर बाई त्याला 'तुम्ही' म्हणत होत्या आणि त्याच्या खोकल्याचं औषध देत होत्या.

गोळ्यांचं तर ऐक. ह्या लोकांच्या पिशव्या चोरीला जातात, नाहीतर पावसात भिजतात, गोळी टिकत नाही. म्हणून गोळ्या बाबलीच्या टपरीवर एका बिस्किटाच्या डब्यात असतात. नावं माहीत नाहीत, तर पुड्यांवर खुणा लिहिल्यात: 'निळी चादर', 'छत्रीवाला', 'दोन पिशव्या', 'ड्रायव्हर'. सकाळी पोदेर सायकलवरून गरम पावाचे उंडे घेऊन येतो, ज्याने त्याने उंडो घ्यायचा, बाबली त्याच्या पुडीतली गोळी तळहातावर ठेवणार, ती गिळलेली पाहणार आणि मगच चहाचा ग्लास पुढे सरकवणार. कोणी गोळी गालात दाबून ठेवली तर म्हणे बाबली तोंड उघडायला लावतो आणि त्याच्या आईचा उद्धार करतो. मी सरकारी योजनांवर पंधरा वर्षं लिहिते आहे. ह्या डब्याइतकी चालणारी योजना मला भेटली नव्हती. आणि तिची टिंगल मी छापून मोकळी झाले होते.

शुक्रवारी कोणी का नसतं, हे मी विचारलं. बाईंनी मान वर न करता सांगितलं, की गुरुवारी संध्याकाळपासून बाजारवाले जागा धरतात, हे लोक पांगतात, कोणी नदीकडे, कोणी देवळाच्या मंडपात. शनिवारी आम्ही एकेकाला शोधून काढतो. मग म्हणाल्या, बोलताय तर जरा हे धरा. माझ्या हातात गरम पाण्याचं घमेलं दिलं आणि व्हरांड्याच्या टोकाच्या खांबाकडे चालू लागल्या. तिथे एक दाढीवाला माणूस भिंतीला टेकून बसला होता, पाय पुढे सोडून, डाव्या पावलाला बँडेज. बाईंनी बँडेज उलगडलं. मी घमेलं खाली ठेवायला वाकले, आणि त्या माणसाने पाय झटकन चादरीखाली घेतला. माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू, जणू माझीच काही गफलत झाली असावी अशा आवाजात, म्हणाला, "आज शुक्रार नाय गो, बाय."

मला ते वाक्य समजायला वेळ लागला. तुला नाही लागणार, तू हुशार आहेस. सगळा गाव शुक्रवारी येतो. म्हणून हा गुरुवारी संध्याकाळी निघायचा आणि शनिवारी परतायचा. बाकीचे जागेसाठी पांगत होते, हा आपल्यासाठी. चार वर्षं, गौरेश. आपण दर शुक्रवारी त्या व्हरांड्यावरून मिरच्या घेऊन गेलो आणि आदल्या संध्याकाळी त्याने आपल्यासाठी वाट मोकळी करून ठेवली.

मी रडले वगैरे नाही. सवय नाही, आणि बाईंनी सवड दिली नाही. त्या म्हणाल्या, घमेलं इकडे. भाईचा पाय त्यांनी चादरीतून पुन्हा बाहेर काढला, धुतला, जखम साफ केली, पट्टी बांधली, आणि मला म्हणाल्या, पुढचा माणूस. मी पुढच्या माणसाचं घमेलं धरलं. सात वाजता चहाला बसलो तेव्हा कळलं की बाईंना सगळं ठाऊक होतं. मे महिन्यापासून त्या ह्या पायाची मलमपट्टी करत होत्या. जूनमध्ये त्या भाईला सरकारी इस्पितळात घेऊन गेल्या होत्या. तिथे दाखल करताना जवळचं माणूस कोण ते लिहावं लागतं. ज्यांना कोणी नाही त्यांच्या कागदावर बाई स्वतःचं नाव घालतात आणि नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहितात. अशी त्यांना चाळीसेक भावंडं आहेत. भाईचा कागद त्या तसाच भरायला लागल्या तर त्याने त्यांचा हात धरला. म्हणाला, "माका भयण आसा." नाव विचारलं तर सांगेना. आणि दुसऱ्या कोणाचं लिहू देईना. तो रकाना कोरा तो कोराच, आणि दोघं जशी गेली तशी परत आली. मग सप्टेंबरात माझा तो लेख आला. बाईंनी तो टपरीवर मोठ्याने वाचला, बाबलीने मला डिचोलीपासून तेरेखोलपर्यंत ऐकू जातील अशा शिव्या दिल्या, आणि एकटा 'ड्रायव्हर', म्हणजे आपला भाई, माझ्या बाजूने बोलला. की बाई वाईट नाही लिहीत, तिला शुक्रवारचं ठाऊक नाही, इतकंच. बाईंनी लेखाखालचं माझं माहेरचं आडनाव पाहिलं, जूनच्या कागदावर त्याने स्वतःचं सांगितलं होतं तेच, ह्याचं तोंड पाहिलं, आणि निरोप धाडला. लेखाबद्दल त्यांना काही म्हणायचंच नव्हतं. त्यांना त्या कागदावर घालायला एक नाव हवं होतं.

त्या दिवशी मी त्यांना सांगितलं की भाई का गेला. तुलाही सांगते, कारण आपण दोघं चार वर्षं म्हणत आलो की दारूमुळे गेला. दारू होतीच. खाणी बंद पडल्या, डिचोलीतले ट्रक उभे राहिले, त्याचाही राहिला, आणि तो आईजवळ घरी बसला. आईचं शेवटचं सगळं त्याने केलं, तू पुण्यात होतास, मी सदर लिहीत होते. आणि मग ती चवथ. बारा माणसं पंगतीला, भाई खतखतं वाढतोय. शांतारामकाकांनी भाईकडे बघत विचारलं, धाकू हल्ली काय करतो? मी म्हटलं, आमचा गणपती दीड दिवसाने तरी उठतो, हा बसला तो बसलाच. पंगत हसली. तू इतका हसलास की पाणी नाकात गेलं. भाईसुद्धा हसला, आणि माझ्या पानात आणखी एक वाढणी घातली. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला सगळ्यांबरोबर आला, आरतीला टाळ वाजवले, आणि आपण घरी परतलो तेव्हा तो नव्हता. मी त्या वाक्याबद्दल कोणाकडे बोलले नव्हते. खोटं कशाला सांगू, पुढच्या आठवड्याच्या सदरात मी ते नाव बदलून वापरलंही होतं.

सुमंगलाबाईंनी हे ऐकून घेतलं. धीर दिला नाही, दोषही दिला नाही. नेलकटर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, शनिवारी साडेपाचला. माफीची घाई करू नका, आधी नखं कापायला शिका.

तर मी शिकले. तीन आठवडे, शुक्रवार सोडून, एक दिवसाआड जाते आहे. भैरूची कापते, छत्रीवाल्याची कापते. माझ्या हातून एकदा छत्रीवाल्याचं बोट कापलं गेलं तर तोच मला म्हणाला, होता होता येईल. भाईने पहिले पाच दिवस पाय दिला नाही. सहाव्या दिवशी हात दिला. नवव्या दिवशी पाय. त्याच्याशी काय बोलू हे मला कळत नव्हतं, चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच कळत नव्हतं, म्हणून विचारलं की रात्री झोप लागली का. म्हणाला, लागली. मग आपण होऊन विचारू लागला, मागच्या अंगणातला फणस लागतो का, तुझी गुडघेदुखी कशी आहे, गौरेशची धाकटी आता कितवीत. घर विकायचं चाललंय हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, विका, माझं काय तिथे. मी म्हटलं, विकायचं की नाही ते तिघांनी एका जागी बसून ठरवू, आणि तोवर नोटीस-बिटीस काही नाही. हे मी त्याला सांगितलंय आणि आता तुला सांगते. रागाव हवं तर.

पितो अजून. कमी पितो. बाईंनी त्याची अट घातली नाही, अट घातली तर माणूस येत नाही असं म्हणतात. मे महिन्यात मुठीएवढी असलेली जखम त्यांनी एका व्हरांड्यावर, गरम पाणी आणि गॉजच्या जोरावर, पाच महिने रोखून धरली. पण दहा दिवसांपूर्वी दुसरं बोट काळं पडलं आणि डॉक्टर निखिलने सांगितलं की आता व्हरांड्यावर होणार नाही. परवा भाई इस्पितळात यायला तयार झाला. मी कागद भरला. नाव माझं, नातं बहीण. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या आणि माझं अक्षर वाईट आहे म्हणाल्या.

आता तुला कशासाठी लिहिलं ते. सोमवारी दुपारी त्याला दाखल करायचं आहे, मंगळवारी बोटं काढतील, पुढे आठेक दिवस तिथेच. दिवसा मी आहे. पण पुरुषांच्या वॉर्डात रात्री बाईमाणसाला थांबू देत नाहीत, आणि बाईंना भीती रात्रीचीच आहे. दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री माणूस सैरभैर होतो, जखमेसकट उठून चालू लागतो. त्यांची चार माणसं अशीच गेली, त्यातली दोन परत मिळाली नाहीत. अजय थांबायला तयार आहे. परक्यांसाठी थांबला आहे, आपल्यासाठीही थांबेल. पण भाई उठला तर अजयचं ऐकेल का, ते अजयलाही सांगता येत नाही. कागदावर दुसऱ्या माणसाचा फोन नंबर लिहायचा होता. मी पर्समध्ये चष्मा शोधत होते, तेवढ्यात भाईने तुझा नंबर घडाघडा सांगितला. तुला पहिली नोकरी लागली तेव्हाचा, तू कधीच बंद केलास तो. त्याला तेवढा एकच नंबर पाठ आहे. चार वर्षांत कितीदा लावून पाहिला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी तो खोडून तुझा आताचा लिहिला आहे. रविवारी रात्रीच्या गाडीत बसलास तर सोमवारी सकाळी म्हापशाला उतरशील. तू येशील असं मी त्याला सांगितलेलं नाही. त्याने विचारलं होतं की रात्री कोण राहणार. मी म्हटलं, घरचंच कोणीतरी.

तुझीच,
ताई